सगळे गल्ली सोडून चाललेत, आम्ही मागं राहून मूर्ख ठरणार का?

"मावशी, मी बेळगावातल्या शहापूरची. घरात 4 माग होते, त्यातले 2 मागच्या दिवाळीआधी भंगारवाल्याला वजनावर दिले, उरलेले आठवड्यातनं तीन दिवस चालतात. सुरतेच्या साडीपुढं आमची साडी कोण घेणार. धाकटे दीर नोकरीला आहेत, ते शहराबाहेर मच्छेला घर बांधून गेले, शेजारची दोन घरं पण गेली. मिस्टर म्हणतात घर विकू आणि खानापूरला जाऊ, तिथं शांत आहे, खर्च कमी. ते आजकाल कोपऱ्यावर चहाला पण जात नाहीत. सासूबाई म्हणतात मला इथनंच उचलून न्या. मुलगी नववीला मराठी मिडियममध्ये. मी फॉल-पिको करते. नणंदेचा मुलगा अमेरिकेत मिशिगनला असतो, तो म्हणाला तिथलं मोटारींचं शहर डेट्रॉईट पण असंच रिकामं झालं, वेळेत निघाले ते सुटले. काय करू?" – शहापूरची एक सून

अगं, भाच्याची गोष्ट आधी घेते कारण तिनंच तुझी झोप उडवलीय असं दिसतंय. डेट्रॉईट रिकामं झालं हे खरंय, 1950 साली तिथं साडेअठरा लाख माणसं होती आणि 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजार. पण "वेळेत निघाले ते सुटले" हे त्यानं अर्धंच सांगितलं. मोटारीच्या नव्या कारखान्यांना एकमजली ऐसपैस जागा लागायला लागली, ती गावात कुठली मिळणार, म्हणून कारखाने बाहेर गेले, मोठे रस्ते झाले, आणि सरकारनं घरकर्जाला हमी दिली ती बाहेरच्या नव्या घरांना. काळ्या लोकांच्या वस्त्या मात्र नकाशावर लाल रंगवून बाजूला ठेवल्या, तिथं कर्ज नाही, आणि बाहेरच्या नव्या कॉलनीत त्यांना घर विकायलाच कुणी तयार नव्हतं. म्हणजे ज्यांना कर्ज मिळालं ते गेले आणि ज्यांना नाही ते राहिले, यात हुशारी-मूर्खपणा कुठनं आला? मग कर भरणारे कमी झाले, रस्त्यावरचे दिवे आणि शाळा त्याच, आणि 2013 ला पालिकेनं चक्क दिवाळं जाहीर केलं.

आता तुझे दीर बघ. पगाराची स्लिप आहे, बँकेनं लोन दिलं, मच्छेला गेले. तुमच्याकडं स्लिप आहे काय? मागवाल्याला बँक दारात तरी उभं करते काय? तुम्ही घर विकून जाणार म्हणजे जे आहे तेच मोडून जाणार, दिरांसारखं कर्ज काढून नव्हं. दोघांचं जाणं एकच समजू नको. आणि बेळगाव काय डेट्रॉईट नाही, सकाळी रेल्वे गेटजवळ एकदा अडकून बघ की, रिकामं होतंय असं वाटतं का! मरतायत ते माग, आणि मागाच्या गल्ल्या.

आता माझं ऐक. माझे बाबा मुंबईला गिरणीत होते, आई लालबागला खाणावळ चालवायची, आमच्याकडचेच वीस-बावीस गडी जेवायला. 18 जानेवारी 1982 ला संप लागला, अडीच लाख कामगार बाहेर, आज मिटंल उद्या मिटंल म्हणत बाबांनी दीड वर्ष काढलं आणि मग आम्हाला घेऊन गावी आले. बरेच जण बदलापूर-विरारकडं गेले, आम्ही थेट खानापूर तालुक्यात. सगळे म्हणायचे बरं केलं, गावात खर्च नाही. खर्च नव्हता हे खरं, पण गावात पैसे देऊन जेवणार कोण? संप होता तेवढे दिवस आईच्याच उधारी-वसुलीवर घर चाललं होतं, आणि ती कमाई गावी येताना कुणी हिशोबातच धरली नव्हती, आईनं पण नाही. त्यानंतर ती दुसऱ्याच्या शेतात भांगलणीला गेली.

म्हणून विचारते, तुझ्या पत्रात "मी फॉल-पिको करते" हे चार शब्द, बाकी सगळं मागाचं. महिन्याला किती सुटतात ते वहीत लिही, लग्नसराईतले वेगळे लिही, आणि ती वही मिस्टरांच्या पुढ्यात ठेव. शहापूरच्या दुकानांमुळं तुझ्याकडं साड्या येतात. खानापूरला येतील का, कोण देणार, हे आधी तिथं जाऊन दोन दुकानांत विचारून ये, पॅसेंजर आहे, 26 किलोमीटर तर आहे.

आणि ते चहाचं. पत्रात तू ते सहज लिहिलंस पण मला वाटतं सगळं तिथंच अडकलंय. ज्या कोपऱ्यावर "काय, चार चालू आहेत नव्हं?" म्हणून विचारतात तिथं "दोन विकले" म्हणायचं कसं, म्हणून माणूस जात नाही. माझे बाबा पण गावी आल्यावर वर्षभर देवळात जात नव्हते, म्हणजे गाव बदलून ते काय सुटलं नाही. तू त्यांना विचार, पण सासूबाईंच्या समोर नको, रात्री विचार, की खानापूरला जाऊन तुम्ही करणार काय. उत्तर आलं, गॅरेज म्हणा, किराणा म्हणा, तर ठीक, त्यावर बोलता येईल. नुसतं "शांत आहे" आलं तर घर विकायला अजिबात सही करू नको.

मुलीची एसएसएलसी, म्हणजे दहावी, होईपर्यंत तरी हलू नका हे माझं ठाम मत, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. तोपर्यंत जिथले 2 माग गेले ती जागा भाड्यानं द्या, गोडाऊनला कुणीपण घेतं. नंतर जायचंच ठरलं तर आधी अकरा महिने भाड्यानं राहून बघा, शहापूरचं घर तसंच ठेवून. आणि प्लॉट कुणी "बाँडवर स्वस्तात", म्हणजे नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून, देतो म्हणाला तर तिथनंच परत फिरा. एनए, म्हणजे बिनशेती, आहे का बघायचं, उतारा कन्नडात असतो तो समजणाऱ्या माणसाकडनं शब्द न् शब्द वाचून घ्यायचा, एजंटच्या तोंडावर जायचं नाही.

सासूबाईंना एवढ्यात काही समजवायला जाऊ नको. त्यांनी जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या असतील, दोन माग जाताना त्यांना कुणी विचारलं होतं का, ते मात्र मला कळव.