लेखकांची नावं शेवटी दिली आहेत, तरी वाङ्मयचोरी कशी?

प्रबंध सादर करायचे दिवस आले की पदव्युत्तर विद्यार्थी हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येतातच. स्वातीही (नाव बदललं आहे) आली. एम.ए. समाजशास्त्र, विषय ऊसतोड कामगार, आणि वाङ्मयचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालात इतरांच्या लिखाणाशी ३८ टक्के साम्य. "मॅडम, माझं रजिस्ट्रेशन रद्द होणार का?"

आधी भीती उतरवली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार १० ते ४० टक्के साम्य निघालं तर प्रबंध दुरुस्त करून, जास्तीत जास्त ६ महिन्यांत, पुन्हा देता येतो. ४० ते ६०मध्ये वर्षभर थांबावं लागतं. नोंदणी रद्द होते ती ६०च्या वर.

मग प्रबंध उघडला. साम्य कमी व्हावं म्हणून तिने पुस्तकातले उतारे शब्द बदलून देणाऱ्या ॲपमधून काढले होते. 'शुगरकेन कटर'चं झालं होतं 'शुगर स्टिक स्लायसर'! दोघी हसलो, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "मी मराठी माध्यमातली. पुस्तकातल्यासारखं इंग्रजी मला कुठून येणार?"

खरी गोम इथे होती. निर्ढावलेले उचले मलाही भेटतात, पण स्वातीसारखेच जास्त. (बारावीपर्यंत गाईडमधलं जसंच्या तसं उतरवलं की पैकीच्या पैकी गुण देणारे आपणच ना?)

पुस्तक मिटायला लावलं. "यात काय आहे ते मला मराठीत सांग." ती सांगत सुटली: मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम), नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाला पुन्हा तीच टोळी. तिचे मामा-मामी जायचे तोडीला. यातलं बरंचसं त्या उताऱ्यात नव्हतंच. म्हटलं, हेच साध्या इंग्रजीत लिही. पुस्तकातला मुद्दा आला की तिथल्या तिथे लेखक, वर्ष, पान. शब्द त्यांचेच ठेवायचे असतील तर अवतरणचिन्हांत. नुसत्या शेवटच्या यादीवरून कुठलं वाक्य कुणाचं, हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

"मग १०च्या आत आलं की सुटले ना?"

नाही. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं. मराठी लेखाचं गुपचूप केलेलं इंग्रजी भाषांतर त्याच्या नजरेतून सहज निसटतं, तरी ती चोरीच.

यावर ती जरा घुटमळली आणि दुसऱ्या प्रकरणातली दोन पानं पुढे केली. एका दिवाळी अंकातल्या लेखाचं भाषांतर करून उतरवलेली. अहवालात तिथे एकही ओळ जुळणारी म्हणून रंगलेली नव्हती. त्या दोन पानांचं तिने अर्धं केलं, लेखकाचं नाव दिलं, आणि उरलेल्या जागेसाठी मामीची मुलाखत घ्यायला बीडला गेली.