ठेकेदार बदलला, आता काम आणि औषधपाणी कोणाच्या भरवशावर?

प्रश्न : खराडीतील एका खासगी कंपनीच्या इमारतीत आम्ही बायका ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगचे काम करतो. ठेका बदलल्यावर नव्या ठेकेदाराने काहीजणींना घेतलेच नाही, आणि ज्यांना घेतले त्यांचे ईएसआयचे (कामगार राज्य विम्याचे) कार्ड दवाखान्यात चालत नाही. आम्ही युनियनच्या सभासद आहोत. अमेरिकेत सफाई कामगारांच्या मागण्यांना शहरांची सरकारे पाठिंबा देतात असे वाचले. पुणे महापालिकेकडे असा पाठिंबा मागता येईल का?
– एक वाचक, चंदननगर

उत्तर : पाठिंबा मागता येईल, परंतु ज्या पाठिंब्याविषयी आपण वाचलेत, त्यामागे तिथे बहुधा कायद्याचे बळ असते. न्यूयॉर्क शहराने 2002 मध्ये असा कायदा केला की, इमारतीच्या सफाईचा ठेका बदलला तरी नव्या ठेकेदाराने जुन्या कामगारांना 90 दिवस कामावर ठेवले पाहिजे. आपल्याकडे कामगारविषयक कायदे करण्याचा अधिकार संसद आणि विधिमंडळ यांचा आहे. त्यामुळे खासगी इमारतीतील ठेक्याबाबत महापालिकेने ठराव केला, तरी तो सहानुभूतीच्या पलीकडे जाणार नाही.

विम्याचा प्रश्न त्या मानाने सुटण्याजोगा आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालकाने 3.25 टक्के भरायचे असतात. ठेकेदाराने ही रक्कम बुडवली, तर ती भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्या कंपनीसाठी आपण काम करता तिच्यावर येते. ठेकेदाराकडून ती वसूल करणे हा कंपनीचा प्रश्न आहे. कार्ड न चालण्याचे एक नेहमीचे कारण असे की, नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक न विचारता नवाच क्रमांक काढतो आणि आधीची वर्गणी जुन्या क्रमांकावर पडून राहते. वास्तविक हा क्रमांक कामगाराचा असतो, ठेकेदाराचा नव्हे. दोन्ही क्रमांक आणि वेतनपावत्या घेऊन युनियनने बिबवेवाडी येथील कामगार राज्य विमा महामंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार करावी. ज्यांचे काम सुटले त्यांनीही चौकशी करावी, कारण आधीच्या सहामाहीत पुरेशी वर्गणी जमा असेल, तर तिच्याशी जोडलेल्या पुढील लाभकाळात उपचार मिळू शकतात.

कामावरून वगळल्याचा वाद कामगार आयुक्तांच्या पुण्यातील कार्यालयाकडे न्यावा लागेल. तिथे प्रत्येकीने वेगवेगळा अर्ज करण्यापेक्षा युनियनने एकत्रित मागणीपत्र द्यावे. निकालाची खात्री मात्र देता येत नाही. ठेकेदार बदलल्यावर जुन्यांनाच घ्यावे असा सरसकट नियम आपल्याकडे नाही.

तरीही महापालिकेचे दार सोडू नये, असे आमचे मत आहे. तिथे ठरावापेक्षा निविदेतील अटी मागाव्यात. महापालिका स्वतःच्या कार्यालयांच्या आणि दवाखान्यांच्या सफाईचे ठेके देते, तेव्हा ती स्वतःच मुख्य मालक असते. जुन्या कामगारांना प्राधान्य द्यावे आणि विमा व भविष्यनिर्वाह निधी भरल्याची चलने पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर करू नये, या अटी तिने निविदेत घातल्या आणि पाळून घेतल्या, तर खासगी कंपन्यांपुढे मांडायला आपल्या युनियनला शहरातलाच दाखला मिळेल.

पुण्याला हे अगदीच नवे नाही. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासद असलेल्या कचरावेचक बायकांना तर कोणी मालकच नव्हता. आपल्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा वाहून नेण्याचा खर्च वाचतो, हे त्यांच्या संघटनेने आकड्यांनिशी मांडले; दयेची याचना केली नाही. 2002-03 मध्ये महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याची व्यवस्था केली आणि 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. तो करार पुढे टिकवण्यासाठी बायकांना वेळोवेळी रस्त्यावर उतरावे लागले, हेही लक्षात असू द्यावे.

ज्या भगिनींचे काम आणि विमा दोन्ही गेले आहेत, त्यांनी उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागात शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजनेची चौकशी करावी, आणि ती आजारपण येण्याची वाट न पाहता आताच करावी.