घर शोधण्याआधी पहाटेचा रस्ता बघ

प्रश्न: ताई, मी मूळची कराडची. बीएस्सी नर्सिंग करून अमेरिकेत आले. ग्रीन कार्ड आहे, गेली पाच वर्षं ह्यूस्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करते. आता पिट्सबर्ग विद्यापीठात नर्स ॲनेस्थेशियाच्या, म्हणजे नर्सने भूल द्यायच्या शिक्षणाच्या, डॉक्टरेटला प्रवेश मिळालाय. नवरा आयटीत आहे, त्याची यायची तयारी आहे, पण तो धास्तावलाय. मुलगी चार वर्षांची. सासूबाई म्हणतात, "नातीला तीन वर्षं आमच्याकडे ठेव, तू निवांत शीक." बाबा विचारतात, "भूल द्यायला डॉक्टर असतात, नर्स तिथे काय करणार?" मी एकटी जाऊ, सगळे जाऊ, की हा नादच सोडू? पिट्सबर्गच्या मन्रोव्हिल या उपनगरात एक अपार्टमेंट पसंत पडलंय. देऊळ जवळ, भाडं परवडणारं. महिनाअखेर डिपॉझिट भरायचंय.

उत्तर: डिपॉझिट अजून भरू नकोस. बाकीचं सगळं त्यानंतर बोलू.

तू मला ताई म्हटलंस, म्हणून तुला 'तू'च म्हणते. मी स्वतः आयसीयूतून याच अभ्यासक्रमाला गेले, दुसऱ्या राज्यात गेले आणि घराच्या बाबतीत तू आता करते आहेस तीच चूक केली. नुसते फोटो बघून, भाडं कमी म्हणून, चढावरच्या एका गल्लीत घर घेतलं. गाडी रस्त्यावरच लावायची. पहिले चार महिने काहीच बिघडलं नाही. मग एका जानेवारीत रात्री गारठलेला पाऊस पडला. पहाटे पाचला खाली आले तर गाडीवर काचेसारखा बर्फाचा थर. दरवाजा उघडायलाच दहा मिनिटं गेली, आणि त्या उतारावर गाडी काढायची माझी हिंमत होईना. हॉस्पिटलला पोहोचायला पाऊण तास उशीर झाला. माझ्या प्रिसेप्टरने, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या सीनियर बाईंनी, ऑपरेशनची रूम स्वतःच लावून ठेवली होती. मशीन तपासलेलं, सक्शन चालू, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा बघून ठेवलेला, श्वासाच्या ट्यूब दोन मापांच्या. सिरिंजा ओळीने: झोपवणाऱ्या प्रोपोफोलला पिवळं लेबल, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाला लाल, वेदना मारणाऱ्या फेंटॅनिलला निळं. त्या मला रागावल्या नाहीत. "आज तू बाजूला उभी राहून बघ," एवढंच म्हणाल्या. पेशंटला हात लावायला मिळाला नाही, आणि तसंच असायला हवं होतं. ज्या माणसाचा श्वास आपण थांबवणार, त्याच्या खोलीत धापा टाकत शिरायचं नसतं. पुढच्याच महिन्यात दोन महिन्यांचं भाडं दंड म्हणून भरलं आणि ते घर सोडलं.

म्हणून तुला सांगते, या शिक्षणात शहर नंतर, पहाट आधी. क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष काम, सुरू झालं की पहिली केस साडेसातची असते, पण विद्यार्थी साडेपाचच्या सुमाराला आत असतो. म्हणजे उठायचं चारला, साडेचारला. आदल्या रात्री पेशंटची माहिती काढून भुलेचा आराखडा लिहायचा, प्रिसेप्टरशी फोनवर बोलायचं आणि मग झोपायचं. मान्यता देणाऱ्या कौन्सिलच्या नियमाप्रमाणे कोर्स किमान 36 महिन्यांचा, त्यात किमान 2,000 क्लिनिकल तास आणि 600 केसेस. हे सगळे तास एकाच हॉस्पिटलात होत नाहीत. बाळंतपणाच्या केसेस एकीकडे, हृदयाच्या दुसरीकडे, लहान मुलांच्या तिसरीकडे, आणि एखादी रोटेशन तास-दीड तासावरच्या छोट्या गावात. उद्याच कॉलेजला ईमेल करून क्लिनिकल साइट्सची यादी माग. पहिल्या वर्षात नुसते वर्ग आहेत की सुरुवातीपासूनच ओआरमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, जायचंय, तेही विचार. या एका उत्तरावर तुझ्या घराचा पत्ता ठरतो.

मन्रोव्हिल वाईट नाही. तिथलं हिंदू-जैन मंदिर आणि जवळच पेन हिल्सचं व्यंकटेश्वराचं देऊळ, यांच्यामुळे आपली माणसं त्या बाजूला पुष्कळ आहेत. घरी मूल असताना त्याचा आधार किती मोठा असतो ते मला माहीत आहे. पण मन्रोव्हिलहून विद्यापीठ आणि मोठी हॉस्पिटलं असलेल्या ओकलंडला यायचं म्हणजे पार्कवे ईस्ट आणि स्क्विरल हिलचा बोगदा. पहाटे तो रिकामा असेल, पण दुपारी परतताना बोगद्याच्या तोंडाशी सगळे ब्रेक मारतात आणि मागे रांग लागते. दहा तास उभं राहून आल्यावर रोज तो अर्धा तास, तीन वर्षं. ओकलंडच्या जवळ स्क्विरल हिल, ग्रीनफिल्ड, शेडीसाइड आहेत. भाडं जास्त पडेल, जागा लहान मिळेल. तरी मी तिथेच बघेन, आणि अंगणापेक्षा आधी गाडीला छप्पर बघेन. पिट्सबर्ग हे चढ-उतारांचं गाव आहे. नकाशात दोन मैल दिसतात, ते पायाला आणि टायरला वेगळेच लागतात.

आता बाबांचं. त्यांचा प्रश्न साधा आहे आणि बरोबरही आहे, कारण आपल्याकडे भूल देतात ते एमडी झालेले डॉक्टर, त्यांच्या हाताशी तंत्रज्ञ. अमेरिकेतली गोष्ट निराळी आहे. तिथे नर्स दीडशे वर्षांपासून भूल देत आल्या आहेत. मेयो बंधूंच्या हॉस्पिटलात ॲलिस मगॉ नावाची नर्स होती. तिने 1906 मध्ये आपल्या 14,000 हून अधिक केसेसचा अहवाल छापला, त्यात भुलेमुळे एकही मृत्यू नव्हता. 1931 मध्ये अगाथा हॉजिन्सच्या पुढाकाराने नर्स ॲनेस्थेटिस्टांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. बाबांना हे फोनवर सांगू नकोस. निवांत बसून पत्रात लिही. वडिलांना पत्रातलं जास्त पटतं. आणि डॉक्टरेट कशाला असं त्यांनी विचारलं, तर सांग की आमच्या वेळी मास्टर्सवर भागत होतं, 2022 पासून नव्या विद्यार्थ्यांना डॉक्टरेटशिवाय हा रस्ताच नाही.

पैशाचं मात्र डोळे उघडे ठेवून बघायला हवं. अमेरिकेच्या कामगार खात्याने 2023 साठी नर्स ॲनेस्थेटिस्टचा मधला वार्षिक पगार 2,12,650 डॉलर दिलाय. हा आकडा बघून लोक कर्जाकडे काणाडोळा करतात. तू करू नकोस. तीन वर्षं तुझा पगार शून्य धर. बरेच कोर्स नोकरी करू देत नाहीत, आणि जे देतात तिथेही क्लिनिकल सुरू झाल्यावर जमत नाही. 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांना 'ग्रॅड प्लस' कर्ज मिळणार नाही. त्या कर्जातून पूर्वी फी आणि घरखर्च दोन्ही निघायचं. सरकारी कर्जाला आता मर्यादा आहे: ग्रॅज्युएट अभ्यासक्रमाला वर्षाला 20,500 आणि एकूण 1 लाख डॉलर, प्रोफेशनल मानलेल्या अभ्यासक्रमाला वर्षाला 50,000 आणि एकूण 2 लाख. तुझा कोर्स यातल्या कुठल्या खात्यात धरलाय, हे फायनान्शियल एड ऑफिसकडून लेखी घे. तोंडी उत्तरावर राजीनामा देऊ नकोस. पिट्सबर्ग विद्यापीठात राज्यातल्या आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी वेगळी असते, तेव्हा तुला कोणती लागणार तेही त्याच पत्रात विचार.

आणखी एक खाच आहे, ती ह्यूस्टनहून येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही. पेनसिल्व्हानियात तो सरसकट 3.07 टक्के, आणि पिट्सबर्ग शहराच्या हद्दीत राहिलात तर पगारावर स्थानिक कर आणखी 3 टक्के. नवरा ह्यूस्टनच्याच कंपनीचं काम घरून करणार असला तरी राहत्या घराप्रमाणे हे कर लागतील, आणि कंपनीला आधी कळवावं लागेल. म्हणजे त्याच्या हातात येणारा पगार साधारण सहा टक्क्यांनी कमी धरून घरखर्चाचं गणित मांडा. तुझ्या हॉस्पिटलचा आरोग्य विमा राजीनाम्यानंतर संपेल. तो संपल्यापासून तीस दिवसांच्या आत तिघांनाही नवऱ्याच्या विम्यात घालून घ्या. लहान मूल असताना एक महिनाही उघड्यावर राहायचं नाही.

लायसन्सचं सोपं आहे. टेक्सास आणि पेनसिल्व्हानिया दोन्ही नर्स कॉम्पॅक्टमध्ये, म्हणजे एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करू देणाऱ्या करारात, आहेत. पेनसिल्व्हानिया जुलै 2025 पासून पूर्णपणे आलं. पण मुक्काम हलवल्यापासून साठ दिवसांच्या आत पेनसिल्व्हानियाच्या लायसन्ससाठी अर्ज करावाच लागतो. सामान उघडण्याच्या गडबडीत हे राहतं, आणि लायसन्समध्ये खंड पडला की क्लिनिकल थांबतं. नव्या पत्त्याचा पुरावा हातात आला त्या दिवशी अर्ज कर.

आता मुलीचं. पत्रात तू हे मधेच दोन ओळींत उरकलंयस, पण तुला खरं तेवढंच विचारायचं होतं असं मला वाटतं.

सासूबाई प्रेमाने म्हणतात, त्यांचा हेतू सोन्यासारखा आहे. तरी तिला तीन वर्षं तिकडे ठेवू नकोस. माझ्या बॅचच्या एका मुलीने आपल्या मुलाला असंच आईकडे ठेवलं होतं. ती पहिल्या फटक्यात पास झाली, नोकरीही चांगली लागली. मुलगा परत आला तेव्हा सहा वर्षांचा होता आणि पुढे वर्षभर तो रोज रात्री आजीला फोन लावून, तो कानाशी धरूनच झोपायचा. आई शेजारी असायची. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण तो फोन कानाशी धरलेला मुलगा मी पाहिलाय.

तेव्हा तिघंही जा. एकटी जाऊन सुट्टीत भेटायला येईन असं ठरवू नकोस. सुट्ट्या फार थोड्या असतात, आणि त्याही झोपण्यात जातात. पण जाण्याआधी नवऱ्याशी एक गोष्ट अगदी स्पष्ट ठरव: सकाळ त्याची. डे-केअर सहा-साडेसहाशिवाय उघडत नाही, तू तेव्हा ओआरमध्ये असशील. मुलीला उठवणं, दूध, वेणी, डबा, बर्फातून गाडी काढणं, शाळेतून "ताप आलाय" असा फोन आला तर जाणं, हे सगळं त्याचं. त्याने "बघू, जमवू" म्हटलं तर ते उत्तर धरू नकोस. त्याच्या ऑफिसच्या सकाळच्या मीटिंगा कोणत्या, त्या हलतात का, इथपर्यंत बोला. तो धास्तावलाय असं तू लिहिलंस, ते मला उलट चांगलं वाटतं. काम किती आहे हे त्याला कळलंय.

सासूबाईंना आणि आईला पाळीपाळीने बोलाव. टुरिस्ट व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. मात्र घर हलवताना बोलावू नकोस. तेव्हा नवराबायको धावपळ करून निभावतात. क्लिनिकलचा पहिला हिवाळा आणि शेवटी बोर्डाच्या परीक्षेआधीचे महिने, या दोन वेळा घरात आपलं माणूस हवं. सासूबाईंना असंच सांग: "आई, मुलीला तुमच्याकडे पाठवत नाही, तुम्हीच आमच्याकडे या." त्यांच्या प्रेमाला जागा मिळेल, आणि नात आईजवळ राहील.

नाद सोडू का, हे विचारलंस. आयसीयूत पाच वर्षं व्हेंटिलेटर आणि ड्रिप सांभाळून ज्या मुलीला अजून शिकावंसं वाटतं, तिला मी थांब म्हणणार नाही.

येत्या महिन्यात दोन दिवसांची रजा काढून तिघं पिट्सबर्गला जाऊन या, शनिवार-रविवार नको, कामाचे दिवस घ्या. एका पहाटे पावणेपाचला मन्रोव्हिलच्या त्या घरापासून ओकलंडपर्यंत गाडी चालव, आणि दुपारी चारला उलटी. दुसऱ्या दिवशी तेच स्क्विरल हिलपासून कर. नवऱ्याला तेवढ्या वेळात दोन डे-केअर बघू दे. संध्याकाळी मुलीला पॉइंटवर ने. तिथे ॲलेगेनी आणि मनाँगहेला एकमेकींना भेटतात आणि पुढे ओहायो होऊन वाहतात. प्रीतिसंगमावर वाढलेल्या तुला तिला तिथे काय सांगायचं ते मी सांगायला नको.

आणि त्या घरमालकाकडे पंधरा दिवसांची मुदत माग. नाही म्हणाला तर ते घर जाऊ दे.