रायफल टेबलावर ठेवूनच मारायची असेल तर

प्रश्न: माझा मुलगा अकरावीला, विज्ञान शाखेत आहे. दीडएक वर्षापासून क्लबमध्ये १० मीटर एअर रायफलचा सराव करतो, शालेय स्पर्धेत विभागापर्यंत खेळला. आता उभं राहून मारायचा त्याला कंटाळा आलाय. रायफल टेबलावर ठेवून मारतात त्या बेंचरेस्ट स्पर्धा मोबाइलवर बघत असतो. ‘मला हेच करायचं, त्यासाठी बाहेर जाईन’ म्हणतो. इतवारीत माझ्या भावाचं सराफी दुकान आहे, तिथल्या काट्यावर छर्रे तोलत बसतो. त्याचे बाबा चिडतात. ‘पाच टक्के कोट्यासाठी शूटिंगला घातलं, टेकवून मारायला काहून पैसे घालायचे?’ सोबत त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो पाठवते. थांबवू की करू देऊ?
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

ताई,

थांबवायचं काही कारण नाही. पण बेंचरेस्टवर पोट भरेल, या समजात त्याला राहू देऊ नका. भारतात तर नाहीच, हा खेळ जिथे रुजला त्या अमेरिकेतही त्यावर घर चालवणारा क्वचितच सापडेल.

टेकवून मारणं सोपं, असं त्याच्या बाबांना वाटतंय. बहुतेकांना तसंच वाटतं. रायफलचा पुढचा भाग रेस्टवर म्हणजे टेकूवर, मागचा वाळूच्या पिशवीवर, आणि शूटर खुर्चीत बसलेला. हाताची थरथर, श्वास, छातीचे ठोके यांचा हिशेब बराचसा संपला. मग उरतात रायफल, गोळी आणि वारा, आणि या तिघांची चूक लपवायला जागाच राहत नाही. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, सात मिनिटांत पाच गोळ्या मारायच्या. सगळ्यांत लांबच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधलं अंतर मोजायचं. पाच गोळ्यांचा हा एक गट. असे पाच गट मारून त्यांची सरासरी काढायची, ज्याची सर्वांत कमी तो जिंकला. वरच्या फळीतल्या शूटरची ही सरासरी पाच मिलिमीटरच्या आसपास असते आणि गोळीच मुळी सहा मिलिमीटरची! कागदावर दिसतं ते कडा कुरतडलेलं एकच भोक. त्यातून पाच गोळ्या गेल्या की चारच, हे पंचांना कळावं म्हणून टार्गेटच्या मागे सरकता कागद लावलेला असतो.

बेंचपासून टार्गेटपर्यंत वाऱ्याच्या झेंड्या रोवतात. शूटरचा एक डोळा त्यांच्यावर असतो. वारा फिरला की हात आखडायचा, पुन्हा पहिल्यासारखा झाला की मारायचं. ऊन तापलं की दुर्बिणीतलं टार्गेट पाण्यात असल्यासारखं हलायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात वर्धा रोडच्या डांबरावर दुपारी जे दिसतं, तेच. हलणाऱ्या चित्रातली खरी जागा कुठली, हे ओळखणं ही या खेळातली मोठी विद्या आहे. हे बाबांना सांगा. पटलं नाही तरी निदान ‘टेकवून’ म्हणताना नाक मुरडणार नाहीत.

आता पोटापाण्याचं. या खेळातलं सगळ्यांत नावाजलेलं काडतूस म्हणजे ६ पीपीसी. १९७५ साली ते दोघांनी मिळून तयार केलं, लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल. पहिला पेशाने डॉक्टर, दुसरा मशीनवर काम करणारा कारागीर. दिवसा आपापला धंदा आणि फावल्या वेळात हे वेड. खेळाची घडण आजही बरीचशी तशीच आहे. बक्षीस म्हणून चषक मिळतो, फार तर चार लोकांत नाव. खर्च मात्र सगळा खिशातून, कारण हजार-दीड हजार गोळ्यांनंतर बॅरल स्पर्धेच्या कामाची राहत नाही. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार नाही.

आपल्याकडे कायद्याचीही अडचण आहे. तिकडचा शूटर प्रत्येक काडतूस स्वतः भरतो, दारू कणाकणाने कमी-जास्त करतो. अर्धा खेळ तिथेच आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि बंदुकीच्या सर्वसाधारण परवान्याला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे मोबाइलवर तो जे बघतो, ते त्याला इथे आज करता येणार नाही. पण पॉइंट टू-टू म्हणजे छोट्या काडतुसाची रायफल आणि एअर रायफल यांच्याही बेंचरेस्ट स्पर्धा जगात होतात. ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल २०१६ च्या नियमांनुसार परवान्याविना ठेवता येते. सरावाला तेवढी पुष्कळ झाली.

बाबांच्या कोट्याचा मुद्दा खोटा नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही खेळाडूंची भरती होते. कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत होता, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेऊन आला. पण थ्री पोझिशन म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिथे टेबल नाही. आरक्षणासाठी कुठल्या खेळाची, कुठल्या पातळीची कामगिरी धरतात हे शासन निर्णयात लिहिलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. बाबांनी एकदा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात क्रीडा खात्याच्या कार्यालयात जाऊन तो निर्णय वाचून यावा. बेंचरेस्टचं प्रमाणपत्र तिथे चालेल असं गृहीत धरू नका. आणि उभं राहायचा ज्याला कंटाळा आहे, त्याला केवळ कोट्यासाठी रोज ६० शॉट उभ्याने मारायला लावाल तर कोटाही हाती लागणार नाही आणि मुलगाही तुटेल.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे ते वहीचं पान. मी ते बराच वेळ बघत होतो. वरच्या कोपऱ्यात उभ्याने मारलेल्या ६० शॉटची फक्त बेरीज आहे. पुढे एक अक्षर नाही. कुठला शॉट का गेला, कशाचीच नोंद नाही. खाली मात्र टेकवून मारलेल्या गटांचा तक्ता उभा-आडवा भरलाय. पेलेटचा, म्हणजे छर्ऱ्यांचा, डबा कुठला, त्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, हॉलचा पंखा चालू की बंद, गट किती मिलिमीटर. मामाच्या काट्यावर तोलून वेगळे काढलेले पेलेट एका रकान्यात, न तोललेले दुसऱ्यात. आणि तळाशी पेन्सिलीने लिहिलंय: ‘फरक नाही. पुन्हा करून बघणे.’

ताई, दुकानात बसून शेकडो पेलेट तोलल्यावर सोळा-सतरा वर्षांचं पोर स्वतःच्याच मेहनतीविरुद्ध ‘फरक नाही’ असं लिहितं, हे मी फारसं पाहिलेलं नाही. भल्याभल्या प्रयोगवह्यांत उत्तर आधी ठरतं आणि आकडे मागून येतात. काहींना मैफल गाजवायची असते, काहींचा जीव तंबोरा जुळवण्यात रमतो. तुमचा मुलगा दुसऱ्या जातीचा दिसतो. त्याला नेमबाजीपेक्षा नेम कशामुळे हुकतो याचं कुतूहल जास्त आहे. या कुतूहलाला मात्र चांगली नोकरी आहे.

मेकॅनिकल किंवा मेटलर्जी घेतली तर अचूक मोजमाप आणि कॅलिब्रेशन हे अख्खं क्षेत्र आहे. दोन्ही शाखा आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतच आहेत, जेईई मेनमधून प्रवेश. शस्त्रांकडेच ओढ राहिली तर पुण्यात पाषाणला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची एआरडीई ही शस्त्रांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. अभियांत्रिकीनंतर गेट ही परीक्षा आणि मुलाखत देऊन डीआरडीओत शास्त्रज्ञ होता येतं. अंबाझरीचा आयुध कारखाना तर नागपुरातच. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र आवडत असेल तर नागपुरातच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. कुठली गोळी कुठल्या बंदुकीतून सुटली हे सांगणारे बॅलिस्टिक्सचे तज्ज्ञ याच वाटेने तयार होतात, आणि त्यांचं रोजचं काम या वहीतल्या पानापेक्षा फार वेगळं नसतं. यातलं काय निवडायचं ते आत्ता ठरवायची घाई नाही. अकरावीला भौतिकशास्त्र आणि गणित घट्ट झालं की यातलं कुठलंच दार बंद होत नाही. ‘बाहेर जाईन’ म्हणतो ना, त्यालाही हीच शिडी आहे. पदव्युत्तर शिक्षणाला गेला तर सुट्टीच्या दिवशी तिथल्या क्लबात बेंचरेस्ट मारेल की!

या वर्षी काय करायचं ते सांगतो. नवी रायफल घेऊ नका. चांगली मॅच एअर रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, आणि त्याच्या प्रश्नांची उत्तरं क्लबच्या रायफलवरही मिळतील. प्रशिक्षकांशी बोला. मोठे शूटर आपली रायफल शिकंज्यात पक्की करून वेगवेगळ्या लॉटचे, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांचे, पेलेट किंवा गोळ्या मारून बघतात, कुठला लॉट आपल्या बॅरलला मानवतो हे ठरवतात. तुमचा मुलगा आठवड्यातून एकदा क्लबच्या इतर मुलांच्या रायफलींसाठी हेच करून देऊ शकेल. टेबलावर मारायला मिळेल आणि क्लबलाही त्याचा उपयोग होईल. प्रशिक्षक नाही म्हणतील असं वाटत नाही. उभ्याचा सराव पूर्ण सोडायचा की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. मी असतो तर शालेय स्पर्धेपुरता ठेवला असता, क्रीडा गुणांसाठी.

त्याला माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. गट मोजताना तो व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजतोय. त्यातून एका छिद्राचा व्यास वजा करायला हवा. पण कागदातलं छिद्र पेलेटपेक्षा थोडं लहान पडतं, म्हणून डब्यावरचा ४.५ धरू नको म्हणावं, त्याच कागदावर वेगळा एक शॉट मारून त्याचं छिद्र मोज. दुसरं, पेलेट शिशाचे असतात. मामाच्या पारड्यात आधी कागद ठेवायचा, काम झालं की साबणाने हात धुवायचे, आणि मधे समोसा खायचा नाही.

अभ्यासाचं वेळापत्रक बाबांनी नव्हे, त्यानेच आखून बाबांना दाखवावं. एक अट मात्र तुम्ही घाला: बारावीच्या डिसेंबरपासून सीईटी संपेपर्यंत रायफलला हात लावायचा नाही.