भाड्याच्या ई-स्कूटर आणि पायी चालणारे
प्रश्न : मालवणच्या बाजारपेठेत पर्यटक भाड्याच्या ई-स्कूटर गटारावरच्या लाद्यांवरच लावतात आणि वृद्धांना भर रस्त्यात उतरावे लागते. यावर उपाय काय?

उत्तर : २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या ई-स्कूटरना नोंदणी वा परवाना लागत नाही; म्हणून त्या भाड्याने देणाऱ्यालाच जबाबदार धरावे लागेल. नगरपरिषदेने गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवून द्याव्यात, गाडीमागे शुल्क घ्यावे आणि ती रक्कम केवळ पदपथांसाठी राखून ठेवावी, असा ठराव नागरिकांनी आग्रहाने मागावा. पॅरिसने २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या ई-स्कूटर बंदच केल्या. इतके टोक गाठण्याची गरज मला वाटत नाही. मात्र रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषाप्रमाणे पायी चालणाऱ्यांसाठी १.८ मीटर रुंद मोकळी वाट जुन्या बाजारपेठेत निघणारच नसेल, तर गर्दीच्या वेळी तिथे गाड्यांनाच मज्जाव करावा.