नवा जिवाणू सापडला: ‘प्रजाती’ की ‘जाती’?

प्रश्न असा आलाय की "आतड्यात जिवाणूची नवी प्रजाती सापडली" असं बातम्यांत वाचतो, पण मुलाच्या शाळेच्या पुस्तकात स्पीशीजला जाती म्हटलंय, मग बरोबर काय?

पुस्तकातलं बरोबर. मराठीत उतरंड अशी आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. म्हणजे प्रजाती हा जीनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती म्हणजे स्पीशीज. हिंदीत स्पीशीजला प्रजाति म्हणतात नि जीनसला वंश, तिथूनच हे आपल्या बातम्यांत घुसलं असणार. शिवाय जाती म्हटलं की आपल्याकडे डोक्यात भलतंच येतं, त्यामुळेही लिहिणारे कचरत असतील.

आता कोणी म्हणेल काय फरक पडतो, अर्थ कळतोय ना. तर नाही कळत. २०१४ साली मेगास्फेरा इंडिका नावाच्या जिवाणूचं वर्णन प्रसिद्ध झालं, पुण्यातल्या संशोधकांनी तो माणसाच्या विष्ठेतून वेगळा केला होता. यात मेगास्फेरा ही प्रजाती जुनीच, नवी आहे ती इंडिका ही जाती. उलट २००४ साली नेदरलँड्समध्ये अकरमान्सिया म्युसिनिफिला सापडला, आतड्याच्या आतल्या चिकट थरावर जगणारा, तिथे जातीही नवी आणि प्रजातीही नवीच काढावी लागली (अकरमान्स या डच सूक्ष्मजीवतज्ज्ञांच्या नावावरून). आणि फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झीची तर तिसरीच तऱ्हा, तो आधीपासून माहीत होता पण फ्युझोबॅक्टेरियम या प्रजातीतला म्हणून, २००२ मध्ये त्याला तिथून उचलून नव्या प्रजातीत टाकलं, म्हणजे जाती जुनी आणि प्रजाती नवी! या तिन्ही वेळी बातमीत "नवी प्रजाती" छापलं तर वाचणाऱ्याला काय कळणार, कपाळ?

मूळ शोधनिबंधात बघायची सोपी खूण म्हणजे शीर्षकात ‘स्पी. नोव्ह.’ (sp. nov.) असेल तर नवी जाती, ‘जेन. नोव्ह.’ (gen. nov.) असेल तर नवी प्रजाती, दोन्ही असलं तर दोन्ही.

हे ठरवताना पहिली चाळणी १६एस जीनची, म्हणजे जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात त्या जीनची. जवळच्या माहीत असलेल्या जिवाणूशी तो साधारण ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळला तर जाती वेगळी असण्याची शक्यता, ९५ च्या आसपास किंवा खाली गेला तर प्रजातीचाच विचार करायचा. पण नुसत्या आकड्यावर भागत नाही, पूर्ण जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) ताडून बघतात, शिवाय यातले बरेचसे जिवाणू ऑक्सिजन लागला की मरतात म्हणून बिनहवेच्या पेटीत वाढवून ते काय खातात, कोणती आम्लं सोडतात हेही तपासावं लागतं. मग जिवंत कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला जिवाणू, दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करायचं (पुण्यात एनसीएमआर हा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहेच), तेव्हा कुठे नाव अधिकृत होतं.

आणि ज्याचा फक्त डीएनए हाती लागलाय, कल्चर नाही, त्याच्या नावाआधी ‘कॅन्डिडाटस’ लावतात, म्हणजे सरळ उमेदवार. तो अजून निवडून यायचाय, त्यामुळे त्याची बातमी देताना "संभाव्य नवी जाती" लिहिलेलं बरं.