म्हशीच्या शिल्पासमोर रडू का आलं?

प्रश्न: आम्ही मुरूडकडचे. वडील जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा मी रडलोच नाही, दिवसकार्य, पाहुणे, सातबाऱ्यावर वारसनोंद सगळं मीच बघितलं. आता मुलांना घेऊन अलिबागजवळच्या सासवण्याला करमरकर शिल्पालय बघायला गेलो तर तिथल्या म्हशीसमोर एकदम रडूच फुटलं, मुलं घाबरली. आमच्याकडे म्हैस होती, धार बाबाच काढायचे. मला कलेतलं काही कळत नाही, मग हे काय झालं?

उत्तर: दादा, कळत नाही असं म्हणूच नका, तुम्हाला नेमकं कळलंय. शिल्पकार नानासाहेब करमरकर १८९१ साली सासवण्यातच जन्मले, पुण्यातला १९२८चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, आणि त्याच हातांनी त्यांनी कोळ्याची पोर केली, म्हैस केली, तेवढ्याच मायेने. अशी म्हैस घडवायची तर आधी ती किती बघावी लागत असेल, पाठीचा उतार, मान वळवताना पडणाऱ्या वळ्या, सगळं. तुमचे बाबा तिला रोज असंच बघत असणार ना? मला वाटतं तुम्ही म्हशीपेक्षा ते बघणं ओळखलंत.

आणि बाबा गेले तेव्हा प्रत्येकाला तुमच्याकडून काहीतरी हवं होतं, सही, पैसे, निर्णय, धीर. शिल्पाला काहीच नको असतं. काश्मीरच्या भट्टनायक नावाच्या काव्यशास्त्राच्या पंडिताने हजारेक वर्षांपूर्वी नाटकाबद्दल असंच काहीसं मांडलंय, त्याला साधारणीकरण म्हणतात, म्हणजे तिथलं दुःख धड माझं नाही धड परक्याचं नाही असं होतं आणि म्हणून ते सोसवतं, त्याच्यात शिरता येतं. घरात जे झेपलं नसतं ते तिथे झेपलं, एवढंच.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या एका अभ्यासात, २००१ साली छापून आलाय, लोक एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबतात असं दिसलं. तुम्ही नक्कीच जास्त थांबलात! आता एकदा सुट्टीचा दिवस सोडून एकटे जा, माहितीची पाटी नंतर वाचा, आधी नुसतं बघा. मुलांना मात्र आजच सांगून टाका की आजोबांची आठवण आली म्हणून रडलो, नाहीतर ती उगाच मनात काहीतरी धरून बसतील. आणि झोप, जेवण सलग बिघडलं तर डॉक्टरांना भेटा, पण शिल्पासमोर रडू आलं म्हणून नको, त्यात काहीही चुकलेलं नाही.